ऐरणीवरचे तीन घाव

नेसरीच्या आठवडी बाजारात, भर दुपारी, वैजयंती चौगुले यांच्या गाडीनं त्यांना आत कोंडलं. एकट्यांना नव्हे, गाडीतल्या तपासणीच्या काचेच्या खोलीत कानाला यंत्र लावून बसलेले ऐंशीचे एक आजोबाही होते. दारं उघडेनात, काचा उतरेनात. वायपर मात्र रणरणत्या उन्हात कोरड्या काचेवर खरखरत राहिले आणि हॉर्न मनाला येईल तेव्हा वाजू लागला. आजोबांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं, हीच काय ती बरी गोष्ट. गाडीभोवती माणसं जमली आणि प्रत्येकानं आपापला सल्ला दिला. एकानं मात्र सल्ला न देता गडहिंग्लजला दस्तगीर मुल्लाणीला फोन लावला.

दस्तगीर पाऊण तासात पोचला. बॉनेट वर करून त्यानं बारा व्होल्टच्या बॅटरीची वायर काढली, मागच्या दाराच्या फटीतून तार घालून आतली कळ ओढली आणि दार हातानं उघडलं. आजोबा खाली उतरले आणि तपासणी संपली का म्हणून विचारू लागले. वैजयंतीताई चाकाच्या खुर्चीत घामानं चिंब झाल्या होत्या. कपाळावरून डोळ्यात उतरणारा घाम त्यांना पुसता येत नव्हता. दस्तगीरनं स्वतःचा रुमाल काढला, ऑइलचे डाग बघून परत खिशात ठेवला आणि एका बाईला तिच्या पदरानं पुसायला सांगितलं.

वैजयंतीताई श्रवणतज्ज्ञ. आजरा, नेसरी, कोवाड, चंदगड असे बाजार धरून त्या गाडीतच दवाखाना चालवायच्या. काजूच्या कारखान्यात मशीनजवळ बसून बहिऱ्या झालेल्या बायका, गुऱ्हाळावरची म्हातारी माणसं, वर्गात मुकाट बसणारी पोरं, सगळी त्यांच्याकडं यायची. स्नायू हळूहळू झिजवणारा आजार त्यांना सव्विसाव्या वर्षी जडला आणि आता त्या एकेचाळीसच्या होत्या. दरवर्षी शरीर थोडंथोडं उणं होत गेलं. गाडी मात्र थांबली नाही, आणि त्याला कारण होता तिचा बीसीएम.

गाडीला दोन मेंदू असतात, असं दस्तगीर गिऱ्हाइकांना समजावून सांगायचा. एक गाडी पळवतो आणि दुसरा घर सांभाळतो. दारं, काचा, दिवे, वायपर, हॉर्न, कुलूप हा सगळा संसार त्या दुसऱ्याकडं असतो. त्याचं नाव बॉडी कंट्रोल मॉड्यूल, आणि गॅरेजच्या भाषेत बीसीएम. डॅशबोर्डाखाली बसवलेला, जेवणाच्या डब्याएवढा काळा डबा.

ताईंच्या गाडीतला बीसीएम आणखी एक काम करायचा. त्यांच्या खुर्चीच्या कापडात केसाएवढ्या तारा विणलेल्या होत्या. माणूस हलतो तेव्हा स्नायूंत अगदी क्षीण वीज खेळते. ती वीज तारा टिपायच्या, आरशावरचा आणि दारावरचा कॅमेरा हालचाल बघायचा आणि बीसीएम दोन्हींचा मेळ घालून ताईंना काय हवंय ते ओळखायचा. उजवं मनगट वर केलं की दार उघडून फळी जमिनीला टेकायची. मान वळली की काच उतरायची. मोठ्या रस्त्यावर गाड्या आता आपल्या आपण चालतात, पण पाहिजे त्या क्षणी गाडी थांबवू शकेल असा माणूस कायद्यानं आत लागतोच. ताईंची थांबवायची खूण डाव्या अंगठ्याची होती. हालचाल मोठी असेल तर दुरून नुसत्या कॅमेऱ्यावरही काम भागायचं. पहिल्या वर्षी ताई बाजाराच्या दुसऱ्या टोकाला भाजी घेता घेता हात वर करायच्या, पलीकडं गाडीचं दार उघडायचं आणि पोरं टाळ्या वाजवायची.

पण खरी करामत वेगळीच होती. बीसीएम रोज कालच्या ताईंशी आजच्या ताईंना ताडून बघायचा आणि तेवढ्यापुरता स्वतः बदलायचा. सहा वर्षांपूर्वी मनगट वीतभर उचलावं लागे. मग चार बोटं पुरली, मग दोन. आता तर उचलायचं नुसतं मनात आलं आणि दंडात कुठंतरी थरथर उठली, तरी दार उघडत होतं. बघणाऱ्याला वाटायचं की ताई काहीच करत नाहीत आणि गाडीच त्यांच्या मनातलं ओळखते.

पुण्याचा धाकटा भाऊ सुधन्वा दर रविवारी फोन करायचा. ड्रायव्हर ठेव म्हणायचा, नाहीतर सरळ माझ्याकडं ये, बागेकडच्या खिडकीची खोली तुझ्यासाठीच ठेवली आहे. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. ताई म्हणायच्या, ड्रायव्हर ठेवता येतो, हात कसे ठेवणार? दिवसातून दोनशे वेळा कुणाला तरी हे उघड, ते लाव, जरा मान सरळ कर असं सांगत जगायचं, हे त्यांना नको होतं. आणि खिडकीबद्दल त्या म्हणायच्या की खिडकी चांगलीच असेल, पण तिथं बसून मी ऐकू काय?

दस्तगीरनं डबा उघडला तेव्हा एका कोपऱ्यावर हिरवी बुरशी दिसली. छतावरच्या एसीचं पाणी नळीतून झिरपत झिरपत बीसीएमच्या जोडणीत उतरलं होतं. दारं आणि वायपर चालवणाऱ्या चिप जळल्या होत्या, आणि सगळा बोर्ड कंपनीनं राळेत बंद केलेला असल्यानं टाका मारायलाही जागा नव्हती. नवा मागवायचा, दुसरा इलाज नाही. पाच दिवसांनी नवा बीसीएम खोक्यात बसून आला आणि ताईही त्याच सकाळी शेजाऱ्याच्या टेम्पोतून गॅरेजात आल्या.

दस्तगीरनं आजवर दोनेकशे बीसीएम बदलले होते. जुना काढायचा, नवा बसवायचा, किल्ल्यांचे कोड कंपनीच्या सर्व्हरवरून उतरवून घ्यायचे, झालं काम. त्यानं तसंच केलं. दिवे लागले, काचा झुळझुळ खाली-वर झाल्या, बटण दाबल्यावर दार उघडलं. त्याचा जीव भांड्यात पडला. मग तो जुना डबा घेऊन ऐरणीकडं वळला.

त्या ऐरणीची हकिगत तालुकाभर ठाऊक होती. दस्तगीरचे वस्ताद गणबा मेस्त्री. त्यांच्या काळात काढलेले पार्ट धुऊन पुसून नवे म्हणून विकायचा धंदा जोरात होता. असाच एक घासूनपुसून लावलेला रिले, म्हणजे दिव्यांची वीज चालू-बंद करणारी कळ, आंबोलीच्या घाटात जळला, ट्रकचे ब्रेकचे दिवे गेले आणि मागून येणाऱ्या जीपमधली दोन माणसं गेली. रिले गणबांनी विकला नव्हता, पण काढला त्यांनी होता आणि मागच्या दारी टाकून दिला होता. त्यानंतर त्यांनी लोहाराकडून ऐरण आणून गॅरेजच्या दारात रोवली. काढलेला पार्ट गिऱ्हाइकानं स्वतःच्या हातानं तीन घाव घालून फोडायचा आणि तुकडे पिशवीत घालून घरी न्यायचे. दस्तगीरनं हा नेम वस्तादांच्या मागं बावीस वर्षं चालवला होता, आणि त्याच्या दारात लागलेल्या रांगेचं कारणही तेच होतं.

ताईंनी या ऐरणीवर पहिल्या वर्षी एक हॉर्न फोडला होता, एकट्यानं, हसत हसत. दुसऱ्या वर्षी काचेची मोटर फोडताना दस्तगीरनं हातोडीला खालून आधार दिला. पुढं तो त्यांच्या मुठीवर आपली मूठ ठेवू लागला. दर खेपेला त्या मुठीचं वजन कमी झालेलं त्याला कळायचं, पण तो तसं दाखवायचा नाही. डॉक्टरांच्या कागदावर काय होतं ते त्याला माहीत नव्हतं. त्याचा हिशेब हातोडीवरचा होता.

आज मूठ कापसासारखी होती. हातोडी त्यांच्या बोटांत ठेवली तरी बोटं मिटत नव्हती, म्हणून त्यानंच ती मिटवली.

"फोडायलाच पाहिजे का ओ, दस्तगीरभाई?" ताई म्हणाल्या. "सहा वर्षं सोबत होता."

"ताई, नेम तो नेम. उद्या कुणी म्हणायला नको, दस्तग्यानं मॅडमचा डबा चोराला विकला. असल्या डब्यांवर लई गाड्या उघडत्यात."

ताई हसल्या आणि घाला म्हणाल्या. पहिल्या घावाला कवच फुटलं. दुसऱ्याला राळ तडकली. तिसरा घाव बोर्डाच्या बरोबर मधोमध बसला आणि एक काळी चौकोनी चिप दुभंगून मातीत पडली. दस्तगीरनं तीही इमानानं उचलून पिशवीत घातली.

मग ताईंची खुर्ची त्यांच्या जागेवर नेऊन अडकवली आणि गाडी चालू केली. पडद्यावर अक्षरं आली. नवीन चालक. शिकवणी सुरू करत आहोत. उजवं मनगट वीस अंश वर करा.

ताईंनी प्रयत्न केला. कपाळावर शीर उभी राहिली, ओठ पांढरे पडले. मनगट मांडीवर होतं तिथंच होतं.

हालचाल आढळली नाही. पुन्हा प्रयत्न करा.

तीनदा झालं. चौथ्यांदा दस्तगीरनं त्यांचं मनगट खालून उचलून धरलं. स्नायूंत वीज नाही, दुसऱ्या व्यक्तीचा हात आढळला, असं पडद्यानं सांगितलं. कोरा बीसीएम काही चुकत नव्हता. तो प्रत्येकाला पहिल्या दिवशी जे विचारायचं तेच विचारत होता, आणि ताईंनी त्याचं उत्तर सहा वर्षांपूर्वी देऊन ठेवलं होतं. दुसऱ्याला.

दस्तगीरनं कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी समजूतदार होती. ती म्हणाली, यात काहीच अडचण नाही, अशा गाड्यांची शिकलेली सवय सर्व्हरवर नसतेच. माणसाच्या शरीराची माहिती गाडीबाहेर न्यायला कायद्यानं बंदी आहे ना. पण जुनं आणि नवं मॉड्यूल शेजारी ठेवून केबल जोडली की अर्ध्या तासात सगळी सवय इकडून तिकडं येते. पुस्तिकेत पान एकसष्टवर दिलं आहे. जुन्याच्या दारांच्या चिप जळलेल्या असल्या तरी चालतं, आठवणींची चिप वेगळी असते. मग तिनं विचारलं, "जुनं मॉड्यूल तुमच्याजवळच आहे ना, सर?"

दस्तगीरनं ऐरणीला टेकवलेल्या पिशवीकडं बघितलं. फोन स्पीकरवर होता आणि ताईंनी सगळं ऐकलं होतं. त्यांचे कान पहिल्यापासून तिखट.

दुसऱ्या दिवशी गॅरेज बंद ठेवून तो पिशवी घेऊन कोल्हापूरला गेला. तिथल्यांनी पुण्याला पाठवलं. पुण्यात चिप वाचणाऱ्या एका तज्ज्ञानं सूक्ष्मदर्शकाखाली तुकडे धरले आणि त्यालाही बघायला बोलावलं. केसाएवढी भेग चिपच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेली होती. तज्ज्ञ म्हणाला, घाव अगदी नेमका बसलाय. दस्तगीर जिना उतरून खाली आला आणि फुटपाथवर बसून रडला. बावीस वर्षं ज्या गोष्टीचा त्याला अभिमान वाटत होता तिनंच एका बाईचे हातपाय तोडले होते, आणि कुणाकडं बोट दाखवायलाही जागा नव्हती.

उपाय ताईंनीच शोधला. बीसीएम माणसाच्या मागं मागं जातो ना, मग त्याला आधी दस्तगीरनं शिकवावं. धडधाकट माणसाच्या अंगानं पहिली परीक्षा पास करावी आणि मग रोज थोडी थोडी हालचाल कमी करत त्याला खाली आणावं, ताईंच्या पायरीपर्यंत. तिथं खुर्चीत माणूस बदलायचा. चालकाचा चेहरा आणि नाव कंपनी अर्ज केल्यावर बदलून देत होती, अडचण होती ती फक्त अंगाच्या सवयीची. दस्तगीरला हे इतकं पटलं की त्यानं त्याच सकाळी ताईंना बाकड्यावर उशांना टेकवून बसवलं आणि स्वतः त्यांच्या खुर्चीत बसला. मनगट वीस अंश, मान तीस, अंगठा दाबा. चाळीस मिनिटांत पडद्यानं त्याचं स्वागत केलं.

मग रोज सकाळी गॅरेज उघडण्याआधी शिकवणी सुरू झाली. ताई शिकवायच्या आणि तो शिकायचा.

"खांद्यातून नको," त्या म्हणायच्या. "आधी खांदा विसरा. माझा तोच पहिला गेला."

ताईंचा एकेक अवयव ज्या क्रमानं गेला त्याच क्रमानं त्यानं तो विसरायचा होता. खांदा, मग कोपर, मग पंजा. कोणत्या महिन्यात चहाचा कप जड झाला, केस विंचरायचं कधी सुटलं, पान उलटायला बोटाला थुंकी कधीपासून लावावी लागली, ताई सगळं सांगत गेल्या. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आता तो कामाचा भाग होता म्हणून त्या सांगत होत्या, अगदी कोरड्या आवाजात, पेशंटला कानाचा आलेख समजावून सांगावा तसं. दस्तगीर घरी जाऊन जेवायला बसला की भाकरी मोडताना त्याला स्वतःच्या खांद्याची लाज वाटायची.

तिसऱ्या आठवड्यात चार बोटांवर दार उघडलं. चौथ्यात दोनवर. त्या दिवशी ताईंनी शेजारणीला सांगून पेढे मागवले आणि नेसरीच्या बायकांना निरोप धाडला, की पुढच्या महिन्यात येते.

पाचव्या आठवड्यात दस्तगीर एका बोटावर आला आणि दार हललं नाही. पडद्यावर अक्षरं आली. चालक थकलेला दिसतो. विश्रांती घ्या.

त्यानं विश्रांती घेतली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. शेवटी कंपनीच्या एका इंजिनिअरनं फोनवर उलगडा केला. धडधाकट माणूस हात कमी उचलतो म्हणजे काय करतो, तर एका स्नायूनं उचलतो आणि दुसऱ्यानं आवरून धरतो. तारांना दोन विजा दिसतात. ज्याचे स्नायूच झिजलेत त्याच्यात एकच असते, विझत आलेली. मॉड्यूलला हा फरक पहिल्या दिवसापासून कळत होता. हालचाल मोठी होती तोवर त्यानं तो चालवून घेतला, इतकंच. दुबळेपणाचं सोंग त्याच्यापुढं चालत नाही.

दस्तगीरनं तरी सोडलं नाही. रात्रीचं जेवण टाकलं, उजवा हात दिवसभर गळ्यात बांधून ठेवला, म्हणजे तो खरोखर वाळेल. ताईंनी ते बघितलं आणि म्हणाल्या, "पुरे, दस्तगीरभाई."

त्यांनी पुरे म्हणायला आणखी एक कारण होतं. सहा आठवड्यांपूर्वी त्यांच्या डाव्या अंगठ्यात, गाडी थांबवायच्या खुणेची, जी थरथर होती ती आता उरली नव्हती. दस्तगीर ज्या पायरीवर यायला धडपडत होता, ती पायरी सोडून ताई कधीच खाली उतरल्या होत्या. जुन्या डब्यानं तेवढं उतरणंही त्यांच्याबरोबर केलं असतं. तो रोजच्या रोज सोबत होता.

सुधन्वा पुढच्या सोमवारी ताईंना पुण्याला न्यायला आला. त्यानं दस्तगीरचा हात हातात घेऊन आभार मानले, तुम्ही फार केलंत म्हणाला. दस्तगीरला वाटलं, यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मोटारीत बसवताना ताईंना तिघांनी उचललं. दुसऱ्याच्या हातांनी उचललं जाताना त्यांनी डोळे मिटून घेतले होते. बसल्यावर त्यांनी दस्तगीरला जवळ बोलावलं.

"मनाला लावून घेऊ नका. हातोडीवर माझाही हात होता."

"ताई," तो म्हणाला, "माझा वर होता."

सुधन्वानं काच वर केली आणि मोटार संकेश्वरच्या रस्त्याला लागली.

गाडी गॅरेजातच राहिली, पत्र्याच्या छपराखाली. विका असं ताईंनी अजून सांगितलेलं नाही आणि चालकाचा चेहरा बदलायच्या अर्जालाही काही कारण उरलेलं नाही. बाजाराच्या दिवशी नेसरीहून एखादी काजू कारखान्यातली बाई येते, गाडीला हात लावून बघते, मॅडम कधी येणार म्हणून मोठ्यानं विचारते. दस्तगीर जे सांगतो ते तिला नीट ऐकू जात नाही. मग ती मान हलवून निघून जाते.

गॅरेज चालू आहे. पार्ट फोडायचा नेम मोडावा असं त्याच्या फार मनात होतं, पण गिऱ्हाइकं ऐकत नाहीत. ती त्यासाठीच लांबून येतात, आणि हल्ली तर म्हणतात, मेस्त्री, तुम्हीच घाला घाव, तुमचा हात नेमका. तो ऐरणीवर रिले ठेवतो आणि हातोडी उचलतो. मनगट वर जातं. छपराखाली दारावरचा कॅमेरा ते बघतो. बीसीएमला शिकवणारा माणूस तो हाच, खूणही हीच. गाडीचे आतले दिवे लागतात, दार सरकतं, फळी हळूहळू खाली येऊन मातीला टेकते आणि आत खुर्ची अडकवायच्या कड्या उघडून वाट बघत राहतात.

गिऱ्हाईक हसतं. "लई हुशार गाडी हाय की तुमची."

बॅटरीची एक वायर काढली तर हे थांबेल. दस्तगीरला ते ठाऊक आहे, आणि ती वायर त्याच्यानं काढवत नाही. तो हातोडी खाली घेऊन उभा राहतो. कुणी आत आलं नाही की चाळीस सेकंदांनी फळी वर जाते, दार मिटतं, दिवे विझतात. मग तो दुसऱ्या घावासाठी हात उचलतो आणि दार पुन्हा उघडतं. एका पार्टमागं तीनदा.